निळी रेघ

ओस्टरझील, १४ सप्टेंबर २००८

धाकटे,

गेले दोन दिवस धुक्यानं किनाऱ्याला असं धरलंय की बोटीच्या नाकावरचा दिवासुद्धा मला चाकावरून दिसत नाही. प्रवासी कुरकुरतात, मी भोंगा वाजवत राहतो. बेटावर पोचलो की धक्क्यावरचा म्हातारा विचारतो, कप्तान, आज पोहत आलात का? उशीर झाला तरी टोमणा, नाही झाला तरी टोमणा.

फोन केला असता, पण फोनवर तू शास्त्रज्ञ असतेस आणि पत्रात बहीण. आज मला दोघींशी काम आहे.

पलीकडच्या खाडीतली बोट गेल्या महिन्यात भर दुपारी वाळूच्या दांड्यावर चढली, ते तू वाचलं असशील. तिच्या कप्तानाच्या रक्तात कोकेन निघालं. तेव्हापासून आमच्या कंपनीला घाम फुटलाय. ब्रुन्ससाहेब म्हणून आमचे अधिकारी आहेत, समुद्र फक्त खिडकीतून बघितलेला माणूस. त्यांनी फर्मान काढलं की या महिनाअखेरीपासून दर सोमवारी चाकावर चढण्याआधी प्रत्येकानं एका पट्टीवर थुंकायचं. कोकेन असेल तर निळी रेघ उमटते म्हणे. पट्ट्यांचं खोकं येऊन पडलंय आणि त्यावर हानोफरच्या एका प्रयोगशाळेचं नाव आहे. तुझीच ना ती? खोक्यावर लिहिलंय की आत डीएनएचा धागा आहे आणि तो ओळखतो. डोळे नाहीत, नाक नाही, ओळखतो कसा? आमचा मेट, म्हणजे माझ्या हाताखालचा दुय्यम, रेन्को म्हणतो, त्यापेक्षा कुत्रा ठेवला असता तर निदान शेपूट तरी हलवली असती.

माझी काळजी करू नकोस. तीन वर्षं होऊन गेली, थेंब नाही. माझं गणित तुला ठाऊक आहे: जोवर चाक हातात आहे, तोवर बाटली नाही. चाक गेलं तर मात्र मी स्वतःची हमी देत नाही. संध्याकाळी हिनर्कच्या बारमध्ये बसतो, हातात ग्लास असतो, चार माणसांत बसायचं तर हात रिकामा ठेवून भागत नाही. त्यावर प्रश्न विचारू नकोस.

तुझा
फोक्को


हानोफर, १९ सप्टेंबर २००८

प्रिय फोक्को,

हो, माझीच. चार वर्षं मी त्या धाग्यामागे घालवली आणि शेवटी तो पोचला कुठे, तर माझ्याच भावाच्या थुंकीत. आम्ही सगळे दुपारच्या कॉफीला यावर पोट धरून हसलो.

आता ऐक, आणि रेन्कोलाही वाचून दाखव. डीएनए म्हटलं की लोकांना बाप कोण आणि खुनी कोण एवढंच आठवतं. आमच्या कामात त्याचा तसा काही संबंध नाही. आमच्यासाठी तो नुसता एक छोटा धागा, चार प्रकारचे मणी ओवलेला. मणी कुठल्या क्रमानं ओवले यावर तो स्वतःभोवती कसा दुमडणार ते ठरतं. सुरुवातीला आम्ही मोजता येणार नाहीत इतके वेगवेगळे धागे घेतो. एका नळीत कोकेन चिकटवून ठेवलेलं असतं, तिच्यातून ते ओततो. जवळपास सगळे वाहून जातात. जे थोडे अडकतात त्यांच्या नकला करायच्या, पुन्हा ओतायचे, आणि दर खेपेला धुणं जास्त कडक करायचं. असं करत करत शेवटी मूठभर हट्टी तेवढे उरतात. दुमडल्यावर आमच्या धाग्याला तीन फांद्या होतात आणि त्या जिथे मिळतात तिथे एक चपटी खोबण होते. कोकेनचा रेणू त्या खोबणीत जाऊन बसतो. गंमत अशी की खोबण आधी नीट तयारही नसते. पाहुणा आला की धागा त्याच्याभोवती आवळतो, तू थंडीत चहाची वाटी दोन्ही तळव्यांत धरतोस तसा. पट्टीवर आम्ही तो धागा तोडून दोन तुकड्यांत ठेवलाय. एरवी ते एकमेकांना विचारत नाहीत. पाहुणा मधे आला की जुळतात, आणि निळी रेघ उमटते.

चुकत नाही का, असं रेन्को विचारेल. कोकेनचे सगळे सख्खे-चुलत, म्हणजे त्याच्यासारखे दिसणारे रेणू, आम्ही तपासले. वर कॉफी, तंबाखू, बिअर, डोकेदुखीच्या गोळ्या, दातांच्या डॉक्टरची भूल. धाग्यानं एकालाही दाद दिली नाही. फोक्को, ही पट्टी माझ्यापेक्षा प्रामाणिक आहे.

ग्लासाबद्दल विचारू नकोस म्हणतोस, म्हणजे विचारायलाच हवं. काय असतं त्यात?

तुझी
थेडा


ओस्टरझील, २९ सप्टेंबर २००८

थेडा,

आज पहिला सोमवार. रेन्कोची पट्टी पांढरी. इंजिनवाल्या उब्बोची पांढरी. माझ्या पट्टीवर रेघ आली.

ब्रुन्ससाहेबांनी आणखी एक पट्टी फोडली. तिच्यावरही आली, तशीच ठसठशीत. मग त्यांनी नमुन्याची कुपी बंद करून तिच्यावर माझी सही घेतली, ती फ्रिजमध्ये ठेवली आणि म्हणाले, कप्तान, आज तुम्ही घरी जा. बोट रेन्को घेऊन गेला. मी धक्क्यावर उभा होतो. त्यानं भोंगा दिला, पण वळून बघितलं नाही.

ग्लासात काय असतं ते माझ्यात आणि हिनर्कमध्ये. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. दारू नसते, एवढं तुझ्यासमोर सांगतो.

तुझा धागा काय म्हणतोय ते मला समजावून सांग.

फोक्को


हानोफर, २ ऑक्टोबर २००८

फोक्को,

तुझं पत्र उभ्यानंच वाचलं. धागा काय म्हणतोय ते स्पष्ट आहे. समजावण्यासारखं त्यात काही नाही.

मी तुझ्यावर चिडलेली नाही. चिडायला नंतर भरपूर वेळ आहे. आता डोकं थंड ठेव. पट्टी वापरणाऱ्या सगळ्या कंपन्यांसाठी नियम ठरले त्या बैठकीत मीही बसले होते, म्हणून मला ते पाठ आहेत. कुपी आता दुसऱ्या प्रयोगशाळेत जाईल, मोठ्या यंत्रावर. तिथेही सापडलं, तर तुझा परवाना कायमचा जातो, त्याला अपील नाही. पण कुपी जाण्याआधी तू लेखी कबूल केलंस, तर प्रकरण तिथेच मिटतं. कुपी टाकून देतात, तुला उपचारांना पाठवतात, आणि तिथे उपचार चालवणाऱ्या बाईंनी चांगला शेरा दिला की चाक परत मिळतं. माणसाला एक संधी द्यावी असं मीच त्या बैठकीत म्हणाले होते. ती तुला लागेल हे तेव्हा कुठे माहीत होतं.

सही कर. ब्रुन्सकडे तू आपणहून जा, त्यांनी बोलवायची वाट बघू नकोस.

किती दिवस चाललंय हे? हिनर्क देतो का?

थेडा


ओस्टरझील, ६ ऑक्टोबर २००८

धाकटे,

मी ते घेतलेलं नाही. आयुष्यात कधीच नाही. दारूचं म्हणशील तर समुद्र भरेल एवढी प्यायलो, पण ही पूड मी नुसती पाहिलीसुद्धा नाही. हिनर्क देतो का म्हणे. हिनर्क उधारीवर वाटाणेसुद्धा देत नाही.

मला वाटतं कुपी जाऊ द्यावी. मोठं यंत्र आहे तर बघू दे त्याला. ते खरं सांगेल.

आणि एक विचारतो, रागावू नकोस. पट्टी चुकली असेल का? तू चुकलीस असं म्हणत नाही, पट्टी म्हणतोय. आमच्याकडे होकायंत्रसुद्धा जवळ लोखंड आलं की खोटं बोलतं, आणि त्याला वाईट कोणी म्हणत नाही. तुझ्या धाग्याजवळ असं काही आलं असेल का, एवढंच एकदा बघ.

घरात बसवत नाही. चहा करतो, खडीसाखर तडकते, वर साय सोडतो आणि तसाच ठेवून देतो. भरतीच्या वेळेला आपोआप उठून बूट घालतो, दारापर्यंत जातो, मग परत येतो. हिनर्ककडे अजून गेलेलो नाही. गेलो तर काय मागेन, सांगता येत नाही.

फोक्को


हानोफर, ९ ऑक्टोबर २००८

फोक्को,

दोन पट्ट्या, दोन्ही निळ्या. मी त्या धाग्याची रोजची सवय ओळखते. लोखंडाचं उदाहरण चांगलं आहे, पण ते आम्ही चार वर्षं शोधतच होतो आणि ते नाही.

मला हे लिहिताना बरं वाटत नाही. बाटलीच्या दिवसांतही तू अगदी असाच बोलायचास. आईच्या अंथरुणापाशी तिचा हात धरून म्हणाला होतास, मी प्यायलेलो नाही, आणि तुझ्या कोटाच्या खिशात बाटली होती. मी ती बघितली आणि गप्प बसले. बाटली बघूनही क्षणभर तू खरं बोलतोयस असंच मला वाटलं होतं, इतका तुझा आवाज साधा होता. आता मी आवाजावर जाणार नाही.

तुला चाक हवंय ना? मग कुपी यंत्रापर्यंत जाऊ देऊ नकोस. तू घेतलं नाहीस असं स्वतःला सांगत बसलास तर चाक जाईल, आणि चाक गेलं की बाटली येईल, हे गणित तुझंच आहे. माझ्यासाठी सही कर.

थेडा


उपचारगृह, २ नोव्हेंबर २००८

थेडा,

सही केली. ब्रुन्ससाहेबांनी हात हातात घेतला, म्हणाले, हिंमत लागते. माझ्यासमोरच कुपी मोरीत रिकामी केली. मी ते पाणी जाताना बघत होतो आणि मला वाटलं, माझ्या बाजूचा एकच साक्षीदार होता, तोही गेला.

इथे जंगल आहे, समुद्राचा वाससुद्धा नाही. रोज सकाळी खुर्च्या गोल मांडतात. त्याला वर्तुळ म्हणतात. लुडर्सबाई चालवतात, फार मायाळू बाई आहेत, त्यांचा आवाज कधी चढत नाही. पहिल्या दिवशी मी म्हणालो, सही केली खरी, पण मी घेतलेलं नाही. कोणी रागावलं नाही. सगळ्यांनी कळवळून माना डोलावल्या. बाई म्हणाल्या, पहिल्या आठवड्यात सगळेच असं म्हणतात. जो नाही म्हणतो तो सर्वांत आजारी, असा इथला नियम. शेरा त्यांच्याच हातात आहे. मग मी एक गोष्ट रचली. बोटीवर इंजिनघरामागे छोटी मोरी आहे, तिथे मी तिकिटाची नळी करून पूड नाकात ओढतो, असं सांगितलं. बाई म्हणाल्या, छान, आता जरा तपशिलात जा.

तू ग्लासाचं विचारलं होतंस. आता लपवण्यात अर्थ नाही. टॉनिक असायचं, नुसतं टॉनिकचं कडू पाणी, बर्फ आणि लिंबाची फोड. लोकांना वाटायचं जिन आहे. आपल्या किनाऱ्यावर बेताची पिणाऱ्याच्या हातात लोक बोट देतात. पण ज्याला पिणं सोडावं लागलं त्याच्या हातात होडीसुद्धा देत नाहीत. म्हणून मी पिण्याचं सोंग घेतलं. हिनर्क पैसे जिनचेच घ्यायचा, गुपिताची किंमत म्हणून. त्या कडवटपणाची इतकी सवय झाली की सकाळी चाकावर जातानाही एक बाटली लागायची. त्या सोमवारी धक्क्यावरसुद्धा अर्धी प्यायलो होतो. इथे तेही बंद आहे. बाई म्हणतात, टॉनिक म्हणजे दारूची सावली.

तुला सांगितलं नाही, कारण तू हसली असतीस. कप्तान सोंगाड्या निघाला म्हणून.

फोक्को


हानोफर, ७ डिसेंबर २००८

फोक्को,

महिनाभर लिहिलं नाही, कारण आधी पक्कं करायचं होतं. आता पक्कं आहे.

तुझं पत्र वाचून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून टॉनिकची बाटली आणली. का आणली ते तेव्हा मलाही धड सांगता आलं नसतं. एक घोट प्यायले आणि पट्टीवर थुंकले. रेघ आली. तुझ्या पत्रात लिहिली होतीस तशीच, ठसठशीत.

टॉनिकचा कडवटपणा क्विनीनचा असतो, ज्याला जुनी माणसं कोयनेल म्हणतात, हिवतापाचं औषध. दिसायला त्याचा कोकेनशी काही संबंध नाही, ना सख्खं ना चुलत. म्हणून आमच्या यादीत ते नव्हतंच. आम्ही नातेवाईक तपासत बसलो, कारण आम्हाला वाटायचं की धागा चेहरा बघतो. धागा चेहरा बघत नाही. त्याला फक्त खोबणीत काय बसतं तेवढं कळतं. कोयनेलच्या रेणूला एक रुंद, चपटी बाजू आहे, आणि ती त्या तीन फांद्यांच्या मधे इतकी चपखल बसते की धागा कोकेनपेक्षा कितीतरी पट घट्ट आवळतो. ज्याच्यासाठी घर बांधलं त्याच्यापेक्षा वाटसरूच त्या घरात जास्त मावला. मी मोजलं, पुन्हा मोजलं, प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या मुलीकडून माझ्यासमोर मोजून घेतलं.

तू घेतलं नव्हतंस. तू खरं बोलत होतास, मोठं यंत्र तुझ्या बाजूनं बोललं असतं, आणि मी ती कुपी ओतायला लावली. माफ कर असं लिहिते आणि ते फार थोडं आहे हे मला कळतं.

प्रोफेसर वाइगांटना सगळं सांगितलं. ते आमचे प्रमुख. त्यांनी अहवाल दाखवला: ज्यांच्या पट्टीवर रेघ आली त्या सगळ्यांनी पुढे कबूल केलं, म्हणून पट्टी शंभर टक्के खरी. फोक्को, पट्टीचा पुरावा तुमच्या सह्या आहेत आणि सह्यांचा पुरावा पट्टी. बाकीच्यांनी काय प्यायलं होतं, कोणाला पाय वळतात म्हणून कोयनेलच्या गोळ्या चालू होत्या, कोणी विचारलंच नाही. मी भांडले. वरपर्यंत पत्रं लिहिली. शेवटी गेल्या आठवड्यात त्यांनी पट्टी मागे घेतली.

मग मी ब्रुन्सना फोन केला. ते म्हणाले, पट्टी बंद झाली हे ठीक, पण कप्तानांची कबुली पट्टीवर अवलंबून नाही, त्यांनी उपचारगृहात तिकिटाच्या नळीपर्यंत सगळं सांगितलंय. तुझ्या डोक्याचे केस तपासण्याचाही विचार केला. पण तुझे केस बोटभरसुद्धा नाहीत, ते अलीकडचे आठवडेच सांगतील, आणि त्यात काही निघालं नाही तर म्हणतील, बघा, उपचार लागू पडला.

तरी हे पत्र लुडर्सबाईंना दाखव. त्यांना वाचू दे. मापं सोबत जोडली आहेत.

थेडा


उपचारगृह, ११ जानेवारी २००९

धाकटे,

तुझं पत्र मी आधी एकटा वाचलं. अंगणात बाकावर बसून. फार दिवसांनी रडलो, आणि बरं वाटलं.

मग बाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, वर्तुळात वाचा. मी उभं राहून सगळं वाचलं, खोबण, कोयनेल, मापंसुद्धा.  मग एम्डेनचा एक बेकर आहे, तो रडवेला होऊन म्हणाला, माझी बहीणही अशीच पत्रं लिहायची, माझ्या तोंडाच्या दारूच्या वासाला ती पावाचं आंबवण म्हणायची. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, फोक्को, हे पत्र म्हणजे तुमच्या बहिणीचा आजार आहे, तुमचा नाही. घरातली माणसं फार हुशारीनं झाकतात. तुमची तर शास्त्रज्ञच आहे.

मी म्हणालो, पण हे खरं आहे. तर त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्या दिवशी कळलं की माझा शेरा महिनाभर पुढे गेला.

आता नीट ऐक. २५ तारखेच्या रविवारी कुटुंबाचा दिवस असतो. नातेवाईक येतात आणि वर्तुळात उभं राहून बोलतात. तू ये. तू फक्त एवढंच म्हण: मला ठाऊक होतं, आणि मी झाकत होते. मग मला शेरा मिळेल आणि मार्चपासून चाक. तू तिथे खरं सांगितलंस तर मी इथेच राहीन, आणि बाहेर पडेन तेव्हा चाक रेन्कोचं झालेलं असेल. त्यानंतर माझं काय होईल ते तुला लिहायला नको.

तू मला खोटी सही करायला लावलीस. आता माझ्यासाठी एकदा तू खोटं बोल. टोमणा नाही मारत, खरंच विनवतोय.

फोक्को


हानोफर, २७ जानेवारी २००९

फोक्को,

मी म्हणाले. तू ऐकलंसच. परतीच्या गाडीत बसल्यापासून आतापर्यंत ते वाक्य तोंडातून जात नाही.

मला ठाऊक होतं, आणि मी झाकत होते. एवढं बोलून मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आपण दोघं तरी एकमेकांकडे बघू, लहानपणी चर्चमध्ये हसू दाबताना बघायचो तसं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास. लुडर्सबाईंनी मला मिठी मारली आणि मला त्यांचा राग आला नाही, कारण त्यांनी खरोखर प्रेमानं मारली.

मग तू बोललास. ती मोरी, ती तिकिटाची नळी, ते ठीक, तू कळवलं होतंस. पण पुढे म्हणालास, पहिल्यांदा घेतलं तेव्हा हिरडी बधिर झाली, वरची, उजवीकडची, आणि दिवसभर जीभ तिथेच जात राहिली. फोक्को, कोकेननं हिरडी बधिर होते हे खरं आहे. पण मी ते तुला कधी लिहिलं नव्हतं. तू ते सांगताना डोळे मिटून घेतलेस. मी चार वर्षं खरं आणि तसं दिसणारं वेगळं करण्यात घालवली, आणि त्या खुर्चीवर बसून मला तुझ्यातलं काहीच वेगळं करता आलं नाही.

बाईंनी शेरा दिला हे त्यांनी जाताना सांगितलं. आनंद झाला, खरंच झाला. पण मला झोप येत नाही.

माझं एक काम कर. एकदा, एका ओळीत, लिहून पाठव की तू ते घेतलं नव्हतंस. मापं मला पाठ आहेत, मला पुरावा नको. तुझ्या हातचं हवंय. वाचून जाळून टाकेन.

थेडा


ओस्टरझील, ४ मार्च २००९

थेडा,

सोमवारपासून चाकावर आहे. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण कुटुंबाच्या दिवसानंतर तिथून बाहेर जाणारी पत्रं बाई वाचू लागल्या आणि तुझी ओळ तिथून लिहिण्यासारखी नव्हती.

पहिल्या फेरीला पाणी शांत होतं. रेन्कोनं स्वतःहून बाजूला होऊन चाक दिलं, म्हणाला, कप्तान, तुमची खुर्ची मी खराब केली नाही. धक्क्यावरच्या म्हाताऱ्यानं टोपी काढली. त्यानं आजवर कधी टोपी काढली नव्हती, टोमणाच मारला होता. आता सगळेच असे वागतात, हळू आवाजात, आजाऱ्याशी बोलावं तसे. हिनर्कनं न विचारता समोर सफरचंदाचा रस ठेवला.

हिरडीचं बेकरनं सांगितलं असणार. त्याच्याशिवाय कोण सांगणार? त्याच्याकडूनच ऐकलं असेल. पण तो सांगत असतानाचं मला काही आठवत नाही, आणि हिरडी आठवते. उजवी, वरची. तिकीट बेटावरून परत येण्याचं होतं, हिरव्या रंगाचं, हेही आठवतं. मी रचलं तेव्हा रंग सांगितला नव्हता.

तुझी ओळ मी लिहिली. काल टेबलाशी बसलो, कोरा कागद घेतला आणि लिहिलं: मी ते कधीच घेतलं नाही. मग कागद हातात धरून वाचला. आणि वाचता वाचता माझीच मान हलली, थेडा. हळूच, कळवळून, वर्तुळातल्या लोकांची हलायची तशी. बिचारा, असं माझ्या मनात आलं.

म्हणून तो कागद पाठवत नाही. बोट वेळेवर सुटते, हात थरथरत नाही, थेंब घेतलेला नाही. तुला हवं होतं ते सगळं आहे. पुन्हा विचारू नकोस.

तुझा
फोक्को